दाताच्या दवाखान्यातली थकलेली खुर्ची

मित्रांनो, शिवाजी पेठेतल्या एका दाताच्या दवाखान्यात खिडकीजवळ हिरव्या रेक्झिनची एक खुर्ची आहे. ती मी. लोकांची उघडी तोंडे बघण्यात माझे आयुष्य गेले. आता मी फार थकले आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. ट्रकमधून मी कोल्हापुरात आले तेव्हा जिना अरुंद म्हणून शेजारच्या तालमीतल्या पोरांनी मला खांद्यावरून वर नेले. डॉक्टर अनुजांनी माझी पूजा केली. बघायला येणारा म्हणायचा, "विमानातली खुर्ची हाय जणू!" पुढे कौतुक ओसरले. रेक्झिन फाटले, त्यावर चिकटपट्ट्या लागल्या. वर-खाली होताना मी कण्हते. त्याचे मला फारसे वाटत नाही. मला थकवले ते लहान लेकरांच्या रडण्याने.

त्यातले एक रडणे अजून माझ्या अंगात आहे. शिरोळकडून एक कुटुंब आले होते. अडीच वर्षांचा धैर्यशील, त्याची आई क्रांती आणि आजोबा सयाजी. पोराचा वरचा ओठ सुजला होता, अंगात ताप होता. दोन दिवस त्याने घास तोंडात घेतला नव्हता. क्रांती त्याला मांडीवर घेऊन माझ्यावर बसली. डॉक्टरांनी ओठ उचलला. पुढचे दात काळे पडून झिजले होते आणि दोन दातांच्या वर हिरडीत पू झाला होता.

"झोपताना काय देता याला?" डॉक्टरांनी विचारले.

क्रांतीने मान खाली घातली. आजोबा मोठ्याने म्हणाले, "मीच देतोय की. दात येताना हिरड्या शिवशिवायच्या, लई रडायचं. बोटाला काकवी लावून चोखाय दिली की गप व्हायचं. मग दुधाच्या बाटलीत बी घालाय लागलो. घरच्या गुऱ्हाळाची हाय, चोख माल!"

"आजोबा, बाटली तोंडात ठेवून झोपलं की ते गोड दूध रात्रभर दातांवर राहतं. त्यानं दात किडतात."

"पण दुधाचंच दात न्हवं का? पडणारच की."

"पडतील, पण पुढचे पडायला पोर सहा-सात वर्षांचं व्हावं लागतं. तोवर यानं चावायचं कशानं? आणि हा पू हिरडीच्या आत वाढणाऱ्या पक्क्या दातांनाही त्रास देतो."

डॉक्टरांनी औषध लिहून दिले. त्याने सूज उतरल्यावर तिघे पुन्हा आले. ते दोन दात काढावेच लागले. सुई देऊन बधिर केले होते, तरी पोर घाबरून आईला घट्ट धरून किंचाळत होते. त्याचे पाय माझ्या हातावर आपटत होते. आजोबा उठून जिन्यात गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. पोराने त्यांच्याकडे जायला हात पसरले, तसे ते म्हणाले, "माझ्याकडं कशाला येतोस रं? मीच केलं हे तुझं." पण पोर त्यांच्याच खांद्यावर झोपले.

मला वाटले, ही माणसे आता इकडे फिरकणार नाहीत.

पण यंदा उन्हाळ्यात आजोबा आले. कडेवर धैर्यशीलची धाकटी बहीण तेजस्वी होती. मागून क्रांती आली.

"काय दुखतंय हिचं?" डॉक्टरांनी विचारले.

"काय दुखत न्हाय," आजोबा म्हणाले. "पैला दात आलाय. नुसता बघा."

नातीला मांडीवर घेऊन ते माझ्यावर बसले. हिरड्या शिवशिवल्या की धुतलेले ओले फडके गार करून चावायला देतो, असे त्यांनी सांगितले. "काकवीची बरणी म्या माळ्यावर टाकलीया. धैर्याचं दात बी रोज मीच घासतो," ते म्हणाले. डॉक्टरांनी तिच्यासाठी मऊ ब्रश दिला आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट लावायला सांगितली. जोराचा ताप आला, तर दातामुळे असेल असे समजून घरी थांबू नका, असेही बजावले. बोलणे चालू असतानाच तेजस्वी झोपून गेली. बाहेर पेशंट होते, तरी डॉक्टर म्हणाल्या, "असू दे आजोबा, बसा थोडं."

इतक्या वर्षांत माझ्यावर लेकरू झोपलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

मित्रांनो, तुमच्या घरी बोळक्या तोंडाचे भावंड असेल, तर आईबाबांना एवढे सांगा. पहिला दात दिसला की त्याला जवळच्या दवाखान्यात नेऊन दाखवा. झोपताना गोड बाटली देऊ नका. दुखायची वाट बघू नका. माझे फार दिवस उरलेले नाहीत. नवी खुर्ची सांगून ठेवली आहे. तिच्या वाट्याला झोपलेली लेकरे जास्त येऊ देत.