वर ओढलेली शिडी

"शिडी वर ओढायची नाही. शेवटचा माणूस चढेपर्यंत तिचे पाय खालीच राहिले पाहिजेत," मला घडवणारे सुतारआजोबा गल्लीतल्या प्रत्येकाला बजावत. मित्रांनो, मी तीच अकरा पायऱ्यांची जुनी शिडी आहे.

मी कुणा एकाच्या घरची नव्हते. गल्लीच्या वरच्या टोकाला, मास्तरांच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी असे. नदी फुगली की मला आधी सर्वांत खालच्या घराशी न्यायचे, मग एकेक घर वर, असा गल्लीचा रिवाज होता.

यंदा भरदुपारी पाणी शिरले. काळे, गटाराचे, मेलेल्या घुशी वाहून आणणारे. पण खरी किळस पुढेच होती. मास्तर घरच्यांसह आधी स्वतःच्या गच्चीवर चढले आणि त्यांनी मला वर ओढून घेतले.

"मास्तर, शिडी द्या!" खालून इस्त्रीवाली ताई ओरडली. "खालच्या टोकाच्या घरात आत्याबाई एकट्या आहेत, पाय चालत नाहीत त्यांचे!"

"अगं, वाहून गेली तर? गल्लीचीच वस्तू सांभाळतोय!"

"मग गादीवर निजवा तिला, पांघरूण घाला!"

मी कोरडी ठणठणीत पडले होते, आणि माझी मलाच शिसारी येत होती. खालच्या घाणीला निदान कळत नव्हते, ती काय करते आहे.

तेवढ्यात मास्तरांची बायको उठली. "सरका," एवढेच म्हणाली. मला खाली सोडून स्वतःही त्या घाण पाण्यात उतरली. ताई, ती, बेकरीवाला आणि त्याची सून यांनी मला आत्याबाईंच्या दारात नेले, आडवे धरले, वर सतरंजी टाकली आणि आत्याबाईंना त्यावर निजवून खांद्यावर घेतले.

"नाक दाबा, आत्याबाई," ताई म्हणाली.

"आमच्या ह्यांचे मोजे चाळीस वर्षं धुतलेत मी. चला तुम्ही!"

उंचावरच्या शाळेत पोचल्यावर मात्र त्या रडल्या. "खोली सडेल गं माझी."

"पाणी उतरू द्या, पहिली तुमचीच धुते," ताई म्हणाली.

मित्रांनो, माझ्या भेगांतून अजून तो वास जात नाही. मास्तर आता मला रंग देऊ म्हणतात. रंग नको. धुऊनपुसून अशा जागी ठेवा, जिथे कुणाचाही हात पोचेल, आणि कुलूप लावू नका.

आज पाणी उतरले. ताईच्या स्वतःच्या खोलीत घोटाभर गाळ आहे. तिने दार नुसते लोटून घेतले, पदर खोचला आणि बादली-खराटा घेऊन गल्लीच्या खालच्या टोकाकडे निघाली.