कोंबड्याचं माप

शिंप्याच्या परसातला कोंबडा एका सकाळी बसला तो उठेचना. आजारी म्हणावा तर चोच नेहमीसारखी चालू होती, डोळे लखलखीत होते आणि आरवण्यात तसूभर फरक नव्हता. फक्त पाय त्याचं ऐकत नव्हते. बसल्या जागेवरून मान ताणून तो असा काही बांग द्यायचा की गल्लीतल्या लोकांना वाटावं, स्वारी भिंतीवर उभी आहे. घरात त्याला सगळे साहेब म्हणत, कारण धड असताना तो परसातून तपासणीला आल्यासारखा फिरायचा आणि दिसेल त्या गोष्टीकडे एका डोळ्याने नापसंतीने बघायचा.

आता एका कोंबड्याचे पाय गेले म्हणून जगाचं काही अडत नाही. शिंप्याचं मात्र अडलं, आणि ते त्याच्या वडिलांमुळे.

आप्पा हाडाचे शिंपी. दुकान त्यांनीच उभं केलं, मुलाच्या हातात कात्री त्यांनीच दिली, आणि गिऱ्हाईकाला सांगितलेल्या दिवशी कपडा तयार म्हणजे तयार. शिंप्यांत असा माणूस विरळाच. पण दुकानाच्या पायरीवरून पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, डॉक्टरांनी हातात काठी देऊन ‘आता चाला’ म्हणून सांगितलं, आणि आप्पा पलंगावर जे बसले ते बसलेच. आज पाठ धरली आहे, उद्या काठीच वाकडी आहे, परवा हवा बरी नाही. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेतलं आणि आवाज उतरवून सांगितलं की आत्ता उठले नाहीत तर पुढे मनात आलं तरी पाय साथ देणार नाहीत. तेव्हापासून शिंप्याचं कामात लक्ष नव्हतं. शिवताना सुई बोटात जायची, कॉलर उलटी लागायची. आप्पांना कायमचं अंथरुणात बघायचं या विचाराने तो मनातून खचला होता.

सेवेत त्याने कसूर ठेवली नव्हती. आप्पांना सगळं दिसावं म्हणून पलंग मागच्या खोलीत परसाच्या दारासमोर लावला. अंगासरशी पडून राहणारी जाड चादर स्वतः शिवली. ती घातल्यावर आप्पांनी पहिलं वाक्य काय बोलावं? ‘‘कापड जमिनीला लागतंय.’’ कापड जमिनीला लागता कामा नये, चार बोटं वर पाहिजे, हा आप्पांचा जन्माचा नियम. विजार असो, झगा असो, पडदा असो, चार बोटं. लहानपणी या नियमापायी शिंप्याने फूटपट्टीचे फटके खाल्ले होते. एवढी सुरेख चादर कापायला त्याचा जीव होईना, म्हणून त्याने पलंगाच्या चारी पायांखाली विटा सारल्या. चादर वर गेली, आप्पा खूश झाले आणि मुलाच्या मनाला तेवढाच आनंद झाला.

साहेब बसला त्या दिवशी शिंप्याने आप्पांपुढे रोजचं तुणतुणं लावलं. उठा हो, दोन पावलं टाका हो. आप्पा शेवटी वैतागले.

‘‘माझ्यामागे काय लागतोस? तो बघ, तोही बसलाय. आधी त्याला उभा कर. तो उभा राहिला की मी उभा राहतो. जा!’’

‘‘शब्द?’’ शिंप्याने विचारलं.

‘‘शब्द,’’ आप्पा म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांना जरा चुटपुट लागलेली दिसली. पण दिलेला शब्द आप्पा मोडत नसत, हे कोंबड्यासकट सगळ्या घराला माहीत होतं.

झालं. शिंपी कोंबड्याच्या मागे हात धुऊन लागला. कोमट पाण्याने पाय शेकले, तेल चोळलं, दाण्यात औषध कालवलं. सकाळी उठून आधी साहेबाची चौकशी, मग आप्पांची.

‘‘अहो, लोक देवाला साकडं घालतात, तुम्ही कोंबड्याला घातलंय,’’ बायको म्हणाली. ‘‘मी म्हणते कापून टाका. दोघांचा प्रश्न सुटेल.’’

‘‘कुठल्या दोघांचा?’’

‘‘त्याचा आणि माझा.’’

बोलायची तशी, पण साहेबाच्या अंगाखाली कोरडं गवत रोज तीच बदलायची.

गुरांचा डॉक्टर आला. त्याने पाय ओढून पाहिले, पंजे दाबून पाहिले, साहेबाने त्याला टोचून पाहिलं. ‘‘पायांत दम आहे,’’ डॉक्टर हात झटकत म्हणाला. ‘‘आजार गेलाय, पण पायांची सवय गेली. पोटाखालून झोळी लावून उभा टांगा. पाय जमिनीला टेकले की हळूहळू भार घेईल.’’

झोळी म्हटल्यावर शिंप्याच्या अंगात वारं शिरलं. इतके दिवस डॉक्टर, औषधं, तेलं, सगळी दुसऱ्यांची कामं. आता कुठे त्याच्या हातचं काम निघालं होतं. त्याने साहेबाला कापायच्या टेबलावर आडवा घातला आणि गळ्यातला टेप काढला. छाती घेतली, कंबर घेतली. कोंबड्याला कंबर कुठे असते यावर नवराबायकोत थोडा वाद झाला. बँडवाल्याच्या कोटाचं लाल अस्तर उरलं होतं, ते निघालं. पायांना दोन भोकं, शेपटीला मोकळीक, पंखांना काठावर दुहेरी शिलाई. आधी कच्चे टाके घालून ट्रायल घेतली. साहेबाने मान डावीकडे केली, उजवीकडे केली आणि नापसंती दाखवली, तेव्हा शिंप्याने छातीत थोडं ढिलं सोडलं. तयार कपडे टांगायचा चाकांचा लोखंडी दांडा त्याने परसाच्या दाराशी आणला आणि दोन कोटांच्या शेजारी साहेबाला टांगला. मग चार पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघितलं. फिटिंग अशी बसली होती की बोलायची सोय नाही.

‘‘बघा आप्पा,’’ तो म्हणाला.

आप्पांनी पलंगावरून बराच वेळ बघितलं. ‘‘शिवण चांगली आहे,’’ ते म्हणाले, आणि कूस बदलली.

साहेब झोळीत रमला. दांड्याला धक्का लागला की तो झुलायचा आणि झुलताना आरवायचा, त्यामुळे आरवण्याला आता वेळकाळ राहिला नाही. गिऱ्हाइकं शर्ट न्यायला पुढच्या दाराने यायची आणि साहेबाला बघायला मागच्या दाराने जायची. एका बाईंनी तर त्याच लाल कापडात आपल्याला काही निघेल का म्हणून विचारलं. सगळं होतं, फक्त साहेब उभा राहत नव्हता. पाय खाली सुटलेले, पंजे मिटलेले, आणि बाकी स्वारी मजेत.

शिंपी रडकुंडीला आला. शेवटी त्याने शेजारच्या ड्रिल मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी नोकरीभर शाळेतल्या पोरांना उन्हात उभं केलं होतं. आता निवृत्त होऊन घरच्यांना उभं करत होते. ते शिट्टी घेऊनच आले.

‘‘साहेब, सावधान!’’

साहेबाने एका डोळ्याने बघितलं.

‘‘डावा पाय आपट! अरे आपट!’’

साहेब आरवला. मास्तरांनी शिट्टी मारली. साहेब पुन्हा आरवला. हे बराच वेळ चाललं आणि दोघांपैकी कोणीच हटेना.

‘‘याला शिस्त म्हणून नाही,’’ मास्तर घाम पुसत म्हणाले. ‘‘मी असे नग सरळ केलेत. पण हा आतूनच बसलाय.’’

पलंगावर आप्पा हसत होते. पडल्यापासून पहिल्यांदाच हसत होते, आणि ते बघून शिंप्याला बरंही वाटलं आणि रागही आला.

तेवढ्यात बायको झाडू घेऊन परसात आली. मास्तर बाजूला होत नव्हते, म्हणून तिने त्यांना वळसा घालून दांड्याखालचा कचरा ओढायला सुरुवात केली. झाडू दांड्याच्या या बाजूने गेला आणि त्या बाजूने निघाला. ती थांबली. तिने झाडू पुन्हा घातला, हळूच. पुन्हा निघाला.

‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘माझा झाडू याच्या पायांखालून जातोय.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय मग? त्याचे पाय कुठे टेकलेत?’’

शिंपी खाली वाकला. मास्तरही वाकले. साहेबाचे पंजे आणि जमीन यांच्यात मोकळी हवा होती. शिंप्याने सवयीने बोटं लावून बघितली. चार. अगदी बरोब्बर चार बोटं.

त्याचं तोंड उतरलं. माप घेताना साहेब आडवा, पाय पोटाशी. आणि टांगताना हातांनी आपोआप तेच केलं होतं जे ते जन्मभर करत आले होते. सगळं जग विजार जमिनीपासून चार बोटं वर ठेवतं. याने विजारीतला इसमच वर ठेवला होता. बिचारा साहेब हवेत लोंबत होता आणि वर शिट्ट्या खात होता.

‘‘तरी म्हटलं, आपटणार कशावर!’’ ड्रिल मास्तर म्हणाले. त्यांनी असं काही म्हटलं नव्हतं.

शिंप्याने दोऱ्या सैल केल्या. पंजे जमिनीला लागले तसे उघडले. साहेब दचकला, डगमगला, पोटावर कापड होतं म्हणून सावरला. पुन्हा डगमगला. मग साहेबाने एक पाय रोवला, दुसरा रोवला, मान वर केली आणि उभा राहिला. झोळीतून बाहेर काढला तरी उभाच. थरथरत होता, पण स्वतःच्या पायांवर होता. त्याने सगळ्यांकडे नापसंतीने बघितलं आणि मास्तरांच्या चपलेवर घाण केली.

मग सगळ्यांच्या माना पलंगाकडे वळल्या.

आप्पांचं हसू मावळलं होतं. ‘‘शब्द दिलाय,’’ ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी चादर बाजूला केली, पाय पलंगावरून खाली सोडले आणि तसेच बसून राहिले. चेहरा पांढराफटक. हात पलंगाच्या काठाला घट्ट.

बायको झाडू घेऊन आत आली. ती रोजच या खोलीत झाडायची आणि सासऱ्यांना कधी पाय उचला म्हणायची वेळ येत नसे, सोयीचंच होतं ते. तिने झाडू आप्पांच्या पायांखालून या बाजूने त्या बाजूला नेला आणि नवऱ्याकडे बघितलं.

शिंप्याला आता बोटं लावायची गरज नव्हती. तो मटकन खाली बसला आणि त्याला रडूच आलं.

‘‘मीच,’’ तो म्हणाला. ‘‘आप्पा, मीच टांगून ठेवलं तुम्हाला. चादरीसाठी. तुम्ही बोलला का नाहीत?’’

आप्पा आपल्या लोंबत्या पावलांकडे बघत होते. ‘‘पडलो ना, त्या दिवसापासून जमिनीची भीती बसली रे मला,’’ ते म्हणाले. ‘‘तू विटा लावल्यास आणि जमीन लांब गेली. मला बरं वाटलं. तुला कसं सांगायचं? बाप घाबरलाय म्हणून?’’

‘‘आणि साहेबाचं?’’

‘‘पहिल्याच दिवशी दिसलं होतं. शिंपी आहे मी. म्हटलं, लोंबतोय तोवर लोंबू दे. आपलीही सोय आहे.’’

‘‘आप्पा!’’ सून म्हणाली.

‘‘हो गं सूनबाई, लाज वाटते आता.’’

ड्रिल मास्तरांना इतका वेळ गप्प राहायची सवय नव्हती. त्यांनी बाह्या सारल्या, ‘‘एक कोपरा, उचल!’’ म्हणून स्वतःलाच हुकूम दिला आणि आप्पांसकट पलंग उचलला. शिंप्याने वीट ओढली. मग दुसरा कोपरा. पलंग कधी डोक्याकडे कलला, कधी पायाकडे, आणि आप्पा उशीला मिठी मारून मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले. शेवटची वीट निघाली आणि आप्पांची पावलं फरशीवर टेकली.

‘‘गार आहे रे,’’ ते म्हणाले. बोटं हलवून त्यांनी फरशी चाचपली.

शिंप्याने कपड्यांचा दांडा ओढून समोर आणला. आप्पांनी एक हात दांड्यावर ठेवला, दुसरा सुनेच्या खांद्यावर. मास्तरांनी शिट्टी तोंडात घातली. शिंप्याने ती काढून घेतली. आप्पा उठले, अर्ध्यात थांबले, डोळे मिटले आणि उठले. गुडघे लटपटत होते, पण उभे होते. शिंप्याने त्यांना इतक्या दिवसांत उभं पाहिलं नव्हतं. ते आपल्यापेक्षा उंच आहेत हे तो विसरूनच गेला होता.

त्याची नजर खाली गेली आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, ‘‘आप्पा, चादर जमिनीला लागली.’’

दारातून साहेब लटपटत आत आला आणि चादरीच्या लोळणाऱ्या टोकावर जाऊन उभा राहिला. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे.

‘‘लागू दे,’’ ते म्हणाले.