राबाचा रविवार

"येसूवयनीच्या खोकल्याचं पंचांग काढलंस काय रं, रंग्या?" दादू अंगणात बसून दात कोरत म्हणाला. "म्हंजे आता आमी राब कधी भाजायचा ते तुझ्या घरातनं ठरनार?"

रंगू अंगणाच्या कडेलाच उभा होता. दादू 'बस' म्हणायला विसरला नव्हता. त्याने ते म्हटलंच नव्हतं.

"गावानं एकाच दिवशी भाजा, एवढंच म्हनतो," रंगू म्हणाला. "त्या टायमाला मी तिला चौलला, लेकीकडं, किशोरीकडं नेऊन ठेवतो. दोन रात्री. धूर गेला की आनतो. होळीपासनं रोज कुनाचा ना कुनाचा राब पेटतो, दादू. मानसानं श्वास घ्यायचा कदी?"

राब म्हणजे भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, तोडलेल्या फांद्या, पाला आणि गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि ते सगळं जाळायचं. तणाचं बी जळतं, पावसात रोप एकटं उगवतं. गेल्या वर्षी रंगूने बायकोसाठी राब भाजलाच नाही. रोपापेक्षा तण जोरात आलं, लावणीला दादूकडून उरलेलं रोप मागून आणावं लागलं. आणि येसूबाई खोकायची ती खोकलीच, कारण बाकीचं गाव जळतच होतं. दादूने रोप फुकट दिलं होतं आणि तेव्हापासून 'बस' न म्हणता तो ते वसूल करत होता.

पालीच्या डॉक्टरने सांगितलं होतं, धुरापासून लांब ठेवा. "लांब म्हंजे किती लांब?" रंगूने विचारलं होतं. डॉक्टरने पुढच्या पेशंटला हाक मारली होती. येसूबाई शिमग्यापासून भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपत होती. आडवी झाली की छाती शिट्टी वाजवायची.

तरी तिची अट होतीच. "दोन रात्री पावनी म्हनून जाईन. तिसरी रात्र जावयाच्या घरात काढायची न्हाय. किशोरीची सासू तोंडानं बोलत न्हाय, पन भाकरी वाढताना बघते." शेजारची जनी लेकीकडे कायमची राहायला गेली, तेव्हा येसूबाईने तिची गावभर टिंगल केली होती. आता तिला स्वतःच्याच तोंडाची भीती होती.

रंगू घरोघर फिरला. नीराबाई म्हणाली, रविवार असंल तर चालंल, माझा पोरगा रविवारीच कंपनीतनं येतो. मग दादूही रविवारला आला. एकट्याने नाही म्हणत बसायला त्यालाही कंटाळा आला असावा. शेवटी रघूचं घर. रघू माजी सरपंच. पद गेलं होतं, सवय गेली नव्हती. त्याने सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन सदरा घालून आला आणि म्हणाला, "कल्पना चांगली हाय माझी."

दोन दिवसांत फाट्यावर फलक लागला: 'एक गाव, एक दिवस, एक राब'. खाली रविवारची तारीख आणि हात जोडलेला रघू. पालीहून कुणी साहेब फोटोला येणार होते. येसूबाईच्या खोकल्याला फलकावर जागा उरली नव्हती. रंगूला त्याचं काही नव्हतं. रविवार मिळाला होता.

शनिवारी तो येसूबाईला चौलला सोडून परत निघाला तेव्हा मळभ आलं होतं. पाली येईतो सर पडून गेली होती. अवेळी, फार नाही. राब भिजेल एवढीच.

रविवारी सकाळी तो धावत रघूकडे गेला. "आज नको. ओला हाय. पेटायचा न्हाय, नुसता धुमसंल."

"साहेब निघालेत पालीवरनं," रघू म्हणाला. "फलकावर रविवार लिवलाय."

"माजा पोरगा आज आलाय," नीराबाई म्हणाली. "सोमवारी कोन भाजनार, मी?"

"आनि मला सांग," दादू हसत म्हणाला, "रविवारसाठी दारोदार कोन फिरत व्हता?"



डिझेल शिंपडून राब पेटवले. पहिल्या जाळाबरोबर साहेबांचा फोटो निघाला. साहेब गेले, जाळ बसला, धूर राहिला. आधी रोज एखाद्या शेतातून निघायचा तो आता सगळ्या शेतांतून एकदम निघाला आणि वारा पडलेला, म्हणून गावावर गोधडीसारखा बसला. फक्त रंगूचा राब न पेटवलेला होता. त्याने कुणाला काही फरक पडत नव्हता.

संध्याकाळी ठाण्याहून स्वप्निलचा फोन आला. "बाबा, मोबाईलवर तर आपली हवा हिरवी दाखवतंय. चांगली."

"कुठली हवा?"

"हवा मोजायचं मशीन असतं ना, जवळच्या मशीनची."

"जवळ म्हंजे कुठं?"

स्वप्निलने खाडीपलीकडच्या एका शहराचं नाव सांगितलं.

"मंग आयशीला तिथंच ठेव, मशीनीत," म्हणून रंगूने फोन कापला आणि किशोरीला लावला. "आईला आनखी थांबव."

"कशी थांबवू? पिशव्या भरून बसलीय," किशोरी म्हणाली. मग हळूच, "बाबा, काल ती आडवी झोपली. सकाळपर्यंत."

सोमवारी दुपारच्या एसटीने ती आलीच. रंगू फाट्यावर होता. तिला उतरूच द्यायचं नाही असं ठरवून आला होता. त्याने तोंड उघडायच्या आत ती दोन पिशव्या घेऊन खाली.

"ह्यो धूर कसला? काल झालं ना भाजून?"

"पेटलं. जळलं न्हाय."

"आनि आपलं?"

"मी पेटवलंच न्हाय."

"म्हंजे परत दादूच्या दारात? रोप मागायला?" ती खोकू लागली. खोकला आवरेपर्यंत राग धरून ठेवला तिने.

"जाईन मागायला. तू ह्याच गाडीत बस, येसू."

"बसते! जावयाच्या दारात लोळायला?" ती पिशव्या उचलून गावाकडे चालू लागली. ओढ्यावरच्या मोरीपर्यंत गेली. तिथे कठड्याला हात टेकून उभी राहिली, खांदे वर-खाली होत होते. रंगू जवळ गेला नाही. रस्त्यात कुणी धरलेलं तिला खपत नसे. तिकडे ड्रायव्हर गाडी वळवत होता.

मग ती स्वतःच फिरली. त्याच्या अंगावरून, त्याच्याकडे न बघता, गाडीत चढली.

"मावशी, आत्ता उतरलात ना?" कंडक्टर म्हणाला. "काय राहिलं आत?"

"काय न्हाय. पालीचं द्या. तिथनं चौलला जायचंय." ती थोडी थांबली. "लेकीकडं. राहायला."

रंगू खिडकीशी आला.

"पाऊस लागला की या न्यायला," ती म्हणाली. "त्याच्या आधी नका येऊ." पुन्हा ढास लागली, तशी तिने काच सरकवून घेतली.

गाडी निघाली. काचेमागे ती अजून काहीतरी सांगत होती. शेळीचं, पाण्याचं की राबाचं, ऐकू येत नव्हतं. रंगू गाडीबरोबर चालत राहिला आणि प्रत्येक गोष्टीला व्हय, व्हय अशी मान हलवत राहिला.