तीस सेकंदांचा बिगुल

वीरधवलचा पाय कधी स्वस्थ नसायचा. खुर्चीत बसला की टाच ठेका धरायची, जेवायला बसला की मांडी हलायची. साक्षी, त्याची बायको, म्हणायची, "अरे, आमटी सांडते ताटातली." तो पाय थांबवायचा, की बोटं पाटावर सुरू. पंधरा वर्षं टीव्हीच्या प्रोमोंना आवाज लावणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार?

प्रोमो म्हणजे मालिकेची जाहिरात. मुंबईहून चित्र येतं ते एवढंच, की सून जिन्यात थांबली आणि तिनं वळून पाहिलं. त्या वळण्याच्या आधी वीरधवल घोंघावणारा वारा घालायचा, मग वर वर चढत जाणारा एक सूर, आणि मान वळली रे वळली की धाडकन् ठोका. अख्खा महाराष्ट्र भाजी निवडायचा थांबायचा. प्रत्यक्ष भागात ती सून सासऱ्याला चहा हवा का एवढंच विचारायची, पण तो काही वीरधवलचा दोष नव्हे. त्याचा संसार तीस सेकंदांचा. एकतिसावं सेकंद त्यानं कधी रचलंच नव्हतं.

गावाकडची माणसं मात्र त्यालाच धरायची. "व्हय रं वीरा, जाहिरातीत ती नवऱ्याच्या मुस्काडात मारती, आन आज बघतुया तर सपान! लाज वाटत न्हाई व्हय रं फशिवताना?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "पर तुझं नाव कुठं येतं?" नाव कुठंच येत नव्हतं. मालिकेच्या शेवटी चहावाल्याचं नाव येतं, प्रोमोवाल्याचं येत नाही. निम्म्या गावाला तर वाटायचं, पोरगं टीव्हीत आहे ही सगळी थाप आहे. त्याचे वडील सयाजीआण्णा तसं बोलायचे नाहीत. पण गावी गेला की एकदा तरी विचारायचेच, "औंदा येतंय का रं नाव?" हा प्रश्न वीरधवलला सांगलीला परत येईपर्यंत टोचत राहायचा.

लॉकडाऊनमध्ये मुंबईची खोली सोडून तो सांगलीला, साक्षीच्या माहेरगावी आला होता तो तिथंच राहिला. विश्रामबागेतल्या फ्लॅटमधल्या एका खोलीच्या भिंतींना त्यानं जाड फोम ठोकला आणि तिथून मुंबईला आवाज पाठवू लागला. त्याचं स्वतःचं गाव साताऱ्याच्या पूर्वेला, कोरडवाहू. तिथल्या दर घरातून एक तरी माणूस फौजेत. सयाजीआण्णा स्वतः पलटणीत बिगुलवाले होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी जुन्या बाजारातून एक बिगुल विकत आणला आणि चिंच लावून लखलखीत केला. तो एरवी खुंटीला असायचा. गावचा जवान तिरंग्यात गुंडाळून घरी यायचा, त्या दिवशीच फक्त खाली उतरायचा.

गाडी फाट्यावर आल्याचा निरोप आला की आण्णा वेशीत उभे राहून तो वाजवायचे. मग गावात कुणी कुणाला हाक मारायची नाही. बायका चुली विझवायच्या, गॅस बंद करायच्या, डोक्यावर पदर घेऊन कळशी उचलायच्या आणि वेशीपासून घरापर्यंतचा रस्ता पाण्यानं भिजवायच्या. परत आलेल्या पोराच्या अंगावर गावची धूळ उडू नये म्हणून. हा नियम कुणी घातला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी लोहारांचा दिग्विजय आला, बर्फाच्या कड्याखाली सापडलेला. वीरधवल त्या दिवशी गावात होता. आण्णांनी बिगुल तोंडाला लावला. शेवटचा लांब सूर धरताना त्यांचा दम मध्येच तुटला, पुन्हा जुळला आणि मग थांबला. वीरधवल रडत होता, अगदी खरं रडत होता. आणि रडता रडताच त्याचा हात खिशात गेला होता, तिथं रेकॉर्डर चालू होता. आवाज सापडला की साठवायचा, ही सवय. पुढं वर्षभर त्यानं ती फाइल उघडली नाही.

उघडली ती फिरदोसमुळं. फिरदोस म्हणजे वाहिनीच्या प्रोमो विभागाची प्रमुख, हुशार आणि कामाला वाघ. जवानाच्या बायकोवर नवी मालिका येत होती. वीरधवलनं तीन प्रोमो पाठवले, तिन्ही परत आले. "वीर, छान आहे, पण अंगावर येत नाही." ढोल लावले, तुतारी लावली, बायकांचा कोरस लावला. येईना. शेवटी वैतागून त्यानं दिग्विजयच्या दिवसाची फाइल खेचली आणि नववधू मेंदी लावलेला हात दारावर ठेवते तिथं आण्णांचा तो तुटणारा सूर बसवला. वर काही नाही, खाली काही नाही.

फिरदोसचा लगेच फोन आला. ती म्हणाली, "हाच. आणि ऐक, शीर्षकगीतसुद्धा तूच कर. याच बिगुलावर बांध. पूर्ण गाणं, पडद्यावर तुझं नाव, रोज."

रोज! वीरधवल खोलीतून उठला, गॅलरीत गेला, परत खोलीत आला, पुन्हा गॅलरीत गेला. आण्णांना विचारायला हवं, हे त्याच्या मनात आलं. पण विचारण्यापेक्षा दाखवावं, असं त्यानं ठरवलं. म्हातारा स्वतःचा बिगुल टीव्हीवर ऐकेल, पुढं गाण्याबरोबर पोराचं नाव वाचेल, आणि तो कायमचा प्रश्न मिटेल. त्याला ती भेटच वाटत होती, हो. माणूस खुशीत असला की त्याला भलतंच सुचतं.

प्रोमो पहिल्यांदा लागायचा होता त्या संध्याकाळी तो गावी पोचला. थंडी होती, दारं लोटलेली होती आणि घराघरातून एकाच मालिकेचा आवाज येत होता. आण्णा चरवी घेऊन गोठ्याकडं निघाले होते.

"आण्णा, बसा की. आत्ता लागंल. तुमच्यासाठीच आलोय."

"म्हस थांबती व्हय तुझ्या जाहिरातीसाठी? धार काढून आलोच."

ते गेले आणि ब्रेक लागला. मेंदीचा हात आला, दार आलं, बिगुल वाजला. वीरधवलच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि मग एक गंमत झाली. कुणाकडं केबल, कुणाकडं डिश, त्यामुळं प्रत्येक घरातला आवाज थोडा मागंपुढं. त्याच्या घरातून निघालेला सूर शेजारच्या घरात गेला, तिथून पलीकडच्या, आणि आळीच्या टोकापर्यंत आण्णांचा दम घराघरात तुटत गेला. असा घुमारा त्याला स्टुडिओत जन्मात जमला नसता. तो खूश होऊन कान देऊन ऐकत राहिला.

म्हणूनच त्याला पुढचंही ऐकू आलं. एक कुकर शिट्टी अर्धीच टाकून गप झाला. कुठला तरी मिक्सर थांबला. भाकरी थापायचा आवाज थांबला. परसातली धुणी थांबली. एकेक आवाज विझत चालला आणि वीरधवलचा हलता पाय पहिल्यांदाच जागच्या जागी थांबला. त्याला कळलं.

तो बाहेर धावला तेव्हा बायका रस्त्यावर आल्या होत्या. डोक्यावर पदर, कमरेवर कळशी. जी टीव्हीसमोर होती तिनं जाहिरात पाहिली होती, पण स्वयंपाकघरात, परड्यात, गोठ्यात ज्या होत्या त्यांनी नुसता बिगुल ऐकला होता. कुणी काही विचारत नव्हतं. पाणी ओतलं जात होतं आणि माती काळी होत होती. सगळ्यांत पुढं मनुबाई होती. वीरधवलची आई गेली तेव्हा तो शाळेतसुद्धा जात नव्हता. ह्या मनुबाईनं आपल्या पोराच्या, शिवतेजच्या ताटात त्याला भरवलं होतं. शिवतेज आता पलटणीबरोबर लडाखला होता. ती खाली वाकून पाणी ओतत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती.

गोठ्यातून आण्णा आले. हातात दुधाची चरवी, बिगुल नाही. सगळ्या बायका त्यांच्याकडं बघू लागल्या.

"मी न्हाई वाजिवला," आण्णा म्हणाले.

"आवं, तुमचाच दम हाय त्यो," म्हाताऱ्या लीलाबाई म्हणाल्या. "शेवटाला तुटतो त्यो. आमास्नी कळत न्हाई व्हय?"

तेवढ्यात मनुबाईची सून, शिवतेजची बायको शिवांजली शेजारच्या घरातून पळत आली. "आत्याबाई, टीव्हीत वाजला! जाहिरात हाय! मी बघितली!"

काही बायका मटकन खाली बसल्या. एकजण हसली आणि हसता हसता रडायला लागली. मनुबाई मात्र उभीच होती. "टीव्हीत वाजला म्हंजी खोटा व्हय गं? दिग्विजयची बातमी आदी टीव्हीतच आली हुती. फोन लाव त्याला."

शिवांजलीनं मनुबाईच्या फोनवरून लावला. लागला नाही. पुन्हा लावला, लागला नाही. लडाखचा फोन म्हणजे लागला तर लागला. मनुबाई वेशीच्या दगडावर बसली, रिकामी कळशी मांडीवर घेऊन.

"काकी," वीरधवल म्हणाला, "मीच लावला त्यो. माझीच जाहिरात हाय. शिवतेजला कायबी झालं न्हाई."

मनुबाईनं त्याच्याकडं पाहिलं, पण तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. आण्णांनी चरवी खाली ठेवली.

"दिग्विजयच्या टायमाचा?"

"व्हय."

"त्यो त्याच्यासाठी वाजिवला हुता रं," आण्णा म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

वीरधवलला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्या रस्त्यावर आणखी कुणालाच ठाऊक नव्हती. प्रोमो एकदा लागून थांबत नाही. पुढच्या ब्रेकला पुन्हा, त्याच्या पुढच्याला पुन्हा, उद्या, परवा, महिनाभर. आणि नंतर शीर्षकगीत, रोज संध्याकाळी, अशा प्रत्येक गावात जिथं परड्यात कुणाची तरी आई उभी असेल. त्यानं फोन काढला. फिरदोसला लावला.

"वीर! अरे, तुलाच करणार होते फोन," फिरदोस आनंदात होती. "लोक रडतायत!"

"प्रोमो काढा, फिरदोस. आत्ताच्या आत्ता."

त्यानं धापा टाकत सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "वाईट वाटलं मला, खरंच. पण याचा अर्थ तो मनाला लागतोय ना? गावाला समजावून सांग. अशा कारणासाठी कॅम्पेन थांबत नसतं."

वीरधवलनं वेशीकडं पाहिलं. शिवांजली पुन्हा नंबर लावत होती. वाहिनी कशाला घाबरते, हे पंधरा वर्षांत त्याला चांगलं समजलं होतं. रडणाऱ्या बायकांना ती घाबरत नाही.

"तो आवाज चोरीचा आहे," तो म्हणाला.

"काय?"

"दुसऱ्यानं वाजवलेला. मी न विचारता घेतला. तो माणूस इथं माझ्यासमोर उभा आहे आणि त्याची परवानगी नाही."

"हे लेखी देशील?" तिनं विचारलं.

"देतो."

"मग शीर्षकगीत गेलं. आणि आमचं दुसरं कुठलंही काम तुला मिळणार नाही, कळतंय ना तुला?"

"कळतंय. गाणं गेलं, नाव गेलं, कामही गेलं."

"मूर्ख आहेस," ती म्हणाली, पण ती ओरडली नाही. "आता लागेल तो ब्रेक मला अडवता येणार नाही. त्याच्यानंतर थांबवते."

शिवांजली आणि दोघीतिघी घरोघर धावून टीव्ही बंद करत सुटल्या. पण आळीच्या टोकाचे भाऊसो ठार बहिरे. दाराला आतून कडी, टीव्ही पुऱ्या आवाजात. थाप त्यांना ऐकू येईना. ब्रेक लागला आणि सगळ्या गावानं, ओल्या रस्त्यावर उभं राहून, तो बिगुल पुन्हा पुरता ऐकला. आण्णा ताठ उभे राहिले होते, हात मांड्यांना चिकटवून, पलटणीत राहायचे तसे. शेवटचा सूर तुटला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

आणि मनुबाईचा फोन वाजला.

शिवांजलीनं घाईघाईत स्पीकर लावला. "आयं?" पलीकडून वारा आणि शिवतेज. "अगं किती मिस कॉलचे मेसेज! जेवायला बसलो हुतो समदी. आन ऐक की, इथं टीव्हीवर जाहिरात लागली, बिगुलाची. समदी पोरं गपगार झाली बघ. मी पयल्याच सुरात वळाकलं, म्हटलं, ह्यो तर आमचा सयाजीआण्णा! लय भारी वाटलं. तू ऐकलीस का?"

मनुबाईनं पदर दातात धरला, सोडला. पायाखालची माती अजून पाणी पीत होती.

"न्हाई बा," ती म्हणाली. "मी परड्यात हुते. शेंगा निवडत हुते."

"अगं, मग बघ की आता! वीराचं काम असणार त्ये. हाय का त्यो तिथं?"

तिनं फोन वीरधवलपुढं धरला.

"वीरा, गड्या, जिकलास! आता तर नाव येणार न्हवं पडद्यावर?"

आण्णांनी मान वर केली. वीरधवलचं फोनवरचं बोलणं त्यांनी तिथंच उभं राहून ऐकलं होतं. वीरधवलनं त्यांच्याकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"येईल की," तो म्हणाला. "तू जेव आदी."

फोन बंद झाला. मनुबाई दगडाला हात टेकून उठू लागली. वीरधवलनं एका हातानं तिला उठवलं, दुसऱ्या हातानं कळशी घेतली. आण्णा चरवी उचलून दोघांच्या मागून चालू लागले. आळीतून जाताना ते एकदाच बोलले.

"औंदा न्हाई इचारणार," ते म्हणाले.