लटकत्या बर्फाखालची घंटा

पाहुणे उन्हाळ्यात येतात ते आमच्या चर्चची मागची भिंत बघायला. नांगराच्या फाळासारखी टोकदार आहे. मागच्या डोंगरउतारावरून बर्फ सुटलं की तिच्यावर फुटून दोन्हीकडे जातं. तीनशे वर्षांपूर्वी नाताळची घंटा वाजली आणि बर्फाने अर्धं गाव नेलं, असं इथे सगळे मानतात. तेव्हाची ही भिंत आणि तेव्हाचाच दंडक: उतारावर बर्फ लटकलेलं असताना घंटेला हात लावायचा नाही. घंटा सांभाळते मी, मेंगा, आणि दंडक मोडला तोही मीच.

चार दिवस बर्फ पडत होतं. माझा नवरा रिगेट सकाळीच जंगलवाटेने वरच्या गोठ्यातलं गवत आणायला गेला. जाऊ नको म्हटलं, तर म्हणे, गाई काय तुझे टोमणे खाणार? दुपारी असं धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसेना. मी चर्चकडे धावले, तर दारात डुरी उभा. रिगेटचा थोरला भाऊ, गावचा प्रमुख.

"भाऊजी, बाजूला व्हा. आवाजाच्या रोखाने तरी खाली येईल तो."

"आणि उतार सुटला तर? आईला उठून बसताही येत नाही, मेंगा."

त्याचं खरं होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. मग आणा की तिला या भिंतीआड, म्हटलं, सगळ्यांनाच आणा. तो घरोघर सांगायला निघाला. चाळीस माणसं आली, सासूबाई शिडीवर निजून. वाटेत कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटचा माणूस आत येताच मी दोर ओढला.

सगळ्यांचे कान उताराकडे. माझे तळवे सोलून निघाले. तासाभराने दार उघडलं आणि रिगेट आत आला, डोक्याला टोपी नाही, एका पायात बूट नाही. बाकाबाकाशी जाऊन तो एकेकाचं तोंड बघत होता. मी दिसले तसा मटकन खाली बसला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही रे. तू वाट चुकू नयेस म्हणून वाजवली."

"मी गोठ्यात शेकत बसलो होतो गं. धुकं उठलं की निघणारच होतो. आपल्याकडे अवेळी घंटा मयतालाच वाजते. त्यात असं बर्फ असताना तू कोणाला दोराला हात लावू दिला नसतास. वाटलं, तूच गेलीस. तसाच जंगलवाट सोडून सरळ उतारावरून धावत आलो."

ज्या उतारावर चार दिवसांत कोणी पाय ठेवला नव्हता, त्यावरून. मी आधी त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, मग त्याचा उघडा पाय पोटाशी धरून रडले. थंडीने काळी पडलेली त्या पायाची दोन बोटं पुढे कापावी लागली, ती माझ्यापायी.