एक्क्याण्णवची टाळी

नव्या सरांना नोकरीला लागून अकरा वर्षं झाली होती, पण त्यांच्यानंतर गणित विभागात कुणी आलंच नाही, त्यामुळे ते नवेच राहिले. त्यांच्यावर दाढीवाले सर आणि दाढीवाल्यांवर बाई. बाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या, आणि प्रश्नपत्रिका समितीचं अध्यक्षपद पुढे कुणाकडे जावं हे त्याच सुचवणार होत्या. दाढीवाल्यांना ते नको होतं. त्यांना आयुष्यात फक्त लवकर घरी जायचं होतं. राहिले नवे सर. यंदाचा अख्खा पेपर काढायला देताना बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "एकही चूक निघाली नाही, तर तुमचं नाव देते." तेव्हापासून नव्या सरांना धड जेवण गेलं नव्हतं.

पेपर फुटू नये म्हणून नियम कडक. दुपारी बारा वाजता तिघांनी सह्या करून लखोटा सील करायचा. तो शेजारच्या छपाईच्या खोलीत जायचा आणि तिघं इकडे कोंडले जायचे, ते थेट चारला परीक्षा सुरू होईपर्यंत. छपाईचं यंत्र दोनला सुरू व्हायचं. कोंडण्याआधी शिपाईमामा दारात ट्रे घेऊन उभे राहत आणि फोन, पेन, कागदाचा कपटासुद्धा काढून घेत. मागच्या वर्षी त्यांनी दाढीवाल्यांचा कंगवा ठेवून घेतला होता. का, असं विचारल्यावर "त्याच्यावर लिहिलेलं आहे" म्हणाले. कंगव्यावर कंपनीचं नाव होतं.

खोलीत तीन खुर्च्या आणि भिंतीवर एक घड्याळ. चार तास करायचं काय? खेळायचं. आधी पंजे टाकून झाले: उताणा की पालथा, ज्याचा वेगळा तो सुटला. पण प्रत्येकानं उरलेल्या दोघांच्या डोक्यात शिरून हिशोब मांडला, आणि नऊ वेळा तिन्ही पंजे पालथेच पडले. मग पापणी न लवता एकमेकांकडे बघायचा खेळ झाला. त्यात दाढीवाले जिंकले. ते उघड्या डोळ्यांनी झोपले होते हे नंतर घोरण्यावरून कळलं.

शेवटी बाईंनी टाळ्यांचा खेळ काढला. एकापासून ओळीनं आकडे म्हणायचे. मूळ संख्या आली, म्हणजे एक आणि स्वतः सोडून ज्याला कशानंच भाग जात नाही असा आकडा आला, की तो न बोलता टाळी वाजवायची. चुकला तो बाद. बाईंनी नव्या सरांना पहिलं बसवलं, दाढीवाल्यांना दुसरं, आणि स्वतः तिसऱ्या खुर्चीत बसल्या. खेळ तिशीत पोचल्यावर नव्या सरांच्या ध्यानात आलं, की तिसऱ्या खुर्चीत बसणाऱ्याच्या वाट्याला तीन, सहा, नऊ असे तिनाच्या पाढ्यातलेच आकडे येतात. तीनला एकदा टाळी वाजवली, की पुढे जन्मभर टाळी नाही. एकतीस वर्षं अध्यक्षपद सांभाळणं म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

एकोणनव्वदला दाढीवाल्यांनी टाळी दिली. बाई शांतपणे "नव्वद" म्हणाल्या. नव्या सरांनी टाळी वाजवली.

"बाद," दाढीवाले म्हणाले. "एक्क्याण्णवला सातानं भाग जातो. तेरा वेळा."

नवे सर हसले, आणि हसता हसता त्यांचं तोंड तसंच राहिलं. प्रश्न सतरावा: खालीलपैकी मूळ संख्या कोणती? एक्कावन्न, सत्तावन्न, सत्त्याऐंशी, एक्क्याण्णव. उत्तर: एक्क्याण्णव.

घड्याळात दीड वाजला होता. गप्प बसलं, तर हजारो पोरं मूळ संख्या नसलेल्या चार आकड्यांतून एक मूळ संख्या शोधत बसणार. बोललं, तर अध्यक्षपद गेलं. बाकीच्या दोघांनीही तपासून सही केली होती. म्हणजे दाढीवाल्यांनी बाई बघतील म्हणून केली होती आणि बाईंनी दाढीवाल्यांनी बघितलंय म्हणून. पण काढणारा हात आपला. नव्या सरांनी दहा मिनिटं छताकडे बघून काढली. मग म्हणाले, आता दुसरा खेळ. मी मनात एक वस्तू धरतो, तुम्ही प्रश्न विचारायचे, मी फक्त हो किंवा नाही म्हणणार.

सजीव आहे का? नाही. या खोलीत आहे का? नाही. शेजारच्या? हो. यंत्र आहे का? नाही. कागदाची आहे का? हो. दाढीवाले म्हणाले, पेपर. नवे सर म्हणाले, जवळपास. इतका वेळ डोळे मिटून ऐकणाऱ्या बाईंनी डोळे उघडले.

"पेपरातला प्रश्न आहे?"

"हो."

"चुकलाय?"

नव्या सरांनी घड्याळाकडे पाहिलं. दोनला दहा कमी होते. "हो," ते म्हणाले.

"त्यात एक्क्याण्णव आहे?"

या वेळी नुसती मान हलली.

बाईंनी उठून दारावर थाप मारली. बाहेरून मामांचा आवाज आला, की चारपर्यंत दार उघडायचं नाही, कुणी आजारी असेल तरच. दाढीवाल्यांनी नव्या सरांच्या चेहऱ्याकडे बघून सांगितलं, की आजारी आहेत. मामा म्हणाले, "तासभर टाळ्या ऐकतोय मी. आजारी माणसं टाळ्या वाजवत नाहीत."

मग नव्या सरांनी दाराला तोंड लावलं आणि लाज गुंडाळून सगळं सांगितलं: एक्क्याण्णवला कशानंच भाग जात नाही असं मी छापायला दिलंय.

पलीकडून मामा म्हणाले, "तेरा साती एक्क्याण्णव. आम्हाला तिसरीत मारून मारून शिकवलं होतं, सर." आणि कडी निघाली.

लखोटा फुटला, एक्क्याण्णवच्या जागी सत्त्याण्णव आला, पुन्हा तीन सह्या झाल्या. या वेळी तिघांनीही चारही पर्याय खरोखर वाचले आणि मामांनी मागून डोकावून मान डोलावली. सील फोडण्याचं कारण नोंदवहीत लिहायचं होतं. कुणाची चूक, हा रकाना बाईंनी कोरा ठेवला नाही. तीन नावं लिहिली आणि पहिलं स्वतःचं लिहिलं. चूक कशी सापडली, इथे त्यांनी लिहिलं: सखोल चर्चेतून.

परत कोंडल्यावर नवे सर हळूच म्हणाले, की अध्यक्षपदाचं आता राहू द्या.

"चूक निघाली नाही तर, असं मी म्हणाले होते," बाई म्हणाल्या. "चूक निघाली. पण तुम्ही काढलीत, तीही दोनच्या आत. एकतीस वर्षांत हे मलासुद्धा जमलं नाही. माझ्या चुका सगळ्या छापून आल्या."

भिंतीपलीकडे यंत्र धडधडू लागलं. बाई उठल्या, जाऊन पहिल्या खुर्चीत बसल्या आणि तिसरी खुर्ची पायानं नव्या सरांकडे ढकलली. म्हणाल्या, "एक."

दाढीवाल्यांनी टाळी दिली. नव्या सरांनी टाळी दिली, आणि मग चार वाजेपर्यंत हात मांडीवर ठेवून निवांत बसले.