सोमवारी दहाला येणाऱ्या ताई

सोमवारी सकाळी दहाला दवाखान्याच्या स्वागतकक्षात पाय ठेवायला जागा नसे. पेशंट खुर्च्या सोडून उभे, परिचारिका हातातलं काम टाकून आलेल्या, आणि सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या पडद्याकडे. दहाच्या ठोक्याला दवाखान्याच्या तीन भाषांतल्या वेबसाइटवर तिसऱ्या भाषेतलं एक नवं पान उमटायचं. खाली नाव यायचं ते महिन्यापूर्वी वारलेल्या भाषांतरकार ताईंचं.

"आल्या हो!" स्वागतिका डोळे टिपायची.

वेबसाइट उभारून देणाऱ्या गृहस्थांना सगळे 'सर' म्हणत. ते हात उंचावून सांगायचे, "क्लाउड म्हणजे काय? ढग. आणि माणूस गेल्यावर जातो कुठे? वर! ताईंचा जीव भाषांतरात अडकला होता, माझ्या सिस्टीमनं त्याला वाट दिली. आता दुसरा भाषांतरकार नेमलात तर त्या रुसतील." डॉक्टरीणबाईंनी मान डोलवत पुढची तीन वर्षं साइट सरांकडेच ठेवायचं जवळजवळ कबूलही केलं होतं.

त्या सोमवारी ताईंची धाकटी बहीण बहिणीच्या टेबलातला चष्मा न्यायला आली होती. शाळेत गणित शिकवणारी बाई. पडद्यावर ताईचं नाव उमटलं तशी ती दारातच थांबली. क्षणभर तिलाही वाटलं, असू दे की खरं.

तेवढ्यात कडेवर तान्हं मूल घेतलेली एक बाई गर्दीतून पुढे घुसली. "गेल्या सोमवारच्या पानावर माझ्या भाषेत लिहिलंय, लस मंगळवारी. मंगळवारी दोन बस बदलून आले, तर लसीच्या खोलीला कुलूप!"

स्वागतिका गोंधळली. लसीचा वार बदलून बुधवार झाला होता. बाकी दोन्ही भाषांत बुधवारच होता.

"आत्म्याला वेळापत्रक नसतं हो," सर गोड हसले.

"दर सोमवारी दहाच्या ठोक्याला येतो की!" धाकटी म्हणाली. "आणि वेळापत्रक नाही म्हणता?"

कुणीतरी फसकन हसलं. धाकटीनं डॉक्टरीणबाईंकडून ताईचा पासवर्ड घेतला आणि ताईच्या खुर्चीत बसली.

"हात लावू नका! कंपनं बिघडतील!" सर ओरडले.

"बिघडू देत. मी सातवी ब ला शिकवते, मला सवय आहे."

तिनं पानांची यादी उघडली, ती थेट भिंतीवर सगळ्यांना दिसली. प्रत्येक पानापुढे तीन भाषांचे तीन रकाने. तिसऱ्या रकान्यात चार पानांपुढे इवलंसं घड्याळ, आणि तारखा: पुढचा सोमवार, सकाळी दहा. त्याच्या पुढचा सोमवार, सकाळी दहा. चारही पानं लिहून ठेवल्याची तारीख एकच होती, ताई ऑपरेशनसाठी भरती झाली त्याच्या आदल्या दिवसाची. दोन महिने सुट्टी लागेल म्हणून तिनं आठ पानं आधीच करून वेळ लावून ठेवली होती.

"आणि हे बघा," धाकटी नोंदींवर बोट ठेवत म्हणाली. "'भाषांतरकाराचं नाव दाखवा' ही खूण ताई गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी केलीय. कुणी? सरांनी."

सर काहीतरी तांत्रिक पुटपुटले. धाकटीनं पुढच्या सोमवारचं पान उघडलं, तारीख बदलून आजची आणि वेळ दहा वाजून वीस मिनिटं केली. दोन मिनिटं सगळे घड्याळाकडे बघत राहिले. वीसला पान उमटलं.

"आता मी बोलावलं," ती म्हणाली. "मला कुठली सिद्धी आहे? तारीख बदलता येते, एवढंच."

डॉक्टरीणबाई लालबुंद झाल्या. "सर, तुम्ही निघा. आणि भाषांतरकार हवा अशी जाहिरात आजच दे गं," त्या स्वागतिकेला म्हणाल्या.

स्वागतिका रडवेली झाली. "म्हणजे त्या येत नव्हत्या?"

"नव्हती येत." धाकटी तिच्याकडे वळली. "दुखत असताना ती इथे बसून तुमच्यासाठी काम करत होती. ते खरं आहे, तेवढं पुरे नाही का? तीन पानं उरलीत, मग ती गप्प होईल. बदललेला वार तिला कोण सांगणार? जिवंत माणसानंच बघायला हवं. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर निदान विचारा तरी, हे घडतं कसं?"

मग ती लसीच्या पानावर गेली आणि कडेवर मूल घेतलेल्या बाईला शेजारी बसवून घेतलं.

"तुमच्या भाषेत बुधवारला काय म्हणतात?"

बाईनं सांगितलं. धाकटीनं एकेक अक्षर जुळवलं. बाईनं एक अक्षर चुकलेलं दाखवलं, धाकटीनं ते खोडून नीट लिहिलं.